कच्च्या अन्नाचे पहिले चाळीस दिवस

(ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार व कलशारोहण या निमित्ताने भरलेल्या व्याख्यानमालेत एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



काल या मांडवात कीर्तन रंगले. उद्या काल्याचे कीर्तन आहे. आणि या दोहोंच्या मध्ये आज माझ्यासारख्या जुन्या मास्तराला उभे केले आहे. समितीचे चिटणीस घरी आले तेव्हा मी समजलो की शाळेच्या जुन्या आठवणी सांगायच्या असतील. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही चाळीस दिवस चुलीवरचे काही न खाता राहिला होतात. तेच सांगा." मी म्हटले, "अहो, देवळाच्या मांडवात काकडी-गाजरावर भाषण? लोक हसतील." ते म्हणाले, "हसू देत. पण गावात बरेच जण सुरू करायच्या बेतात आहेत. कोणी मोबाइलवर पाहिले, कोणाला पाहुण्याने सांगितले. तुम्ही केलेले आहे, तेव्हा तुम्हीच बोला."

मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. पण मी चाळीस दिवसांची वही लिहिली होती, रोजच्या रोज, तारीख आणि वजन घालून. ती वही आज बरोबर आणली आहे. त्यात जे आहे ते सांगतो.

प्रथम कच्चे अन्न म्हणजे काय ते स्पष्ट करतो. अपक्वाहार म्हणजे उपवास नव्हे. विस्तवाचा स्पर्श न झालेले अन्न पोटभर खायचे. फळे, कच्च्या भाज्या, भिजवलेले दाणे, मोड आलेली धान्ये, ओले खोबरे, खजूर, मध. भाकरी नाही, भात नाही, आमटी नाही, चहा नाही. काटेकोर हिशेब केला तर पोहे, लाह्या, गूळ, साखरही त्यात बसत नाहीत, कारण पोहे-लाह्यांनी भट्टी पाहिलेली असते आणि गूळ तर काहिलीत उकळूनच होतो.

आता हे खाणे आपल्याला अगदी परके आहे असे कोणी समजू नये. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आयाबायांच्या ओटीत भिजवलेले हरभरे पडतात, आणि आंब्याची डाळ म्हणजे भिजवून वाटलेली कच्चीच डाळ, वरून फोडणी घातली की झाली. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खायचे नाही हा आपला नेम. तो विस्तवाचा नव्हे, नांगराचा नेम, पण खाण्यावर विचारपूर्वक बंधन घालण्याची सवय आपल्या घरांत जुनी आहे हे त्यावरून दिसते. देवाचेच पाहा ना. अभिषेकाला पंचामृत लागते, त्याला कोणी चुलीवर ठेवत नाही. आणि नैवेद्याला पुरणपोळी लागते, ती कोणी कच्ची ठेवत नाही. पंगतीच्या पानावर कोशिंबिरीची जागा ठरलेली आहे, डाव्या बाजूला, चटणी-लोणच्याच्या शेजारी. ही डावी बाजू लक्षात ठेवा.

मी हा प्रयोग केला तो २०१७ साली, चैत्रात. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. वजन एकोणऐंशी किलो, जिना चढताना धाप, रक्तदाब जरासा वर, गोळी मात्र सुरू नव्हती. एका निसर्गोपचाराच्या शिबिरात पाच दिवस राहून आलो होतो आणि तिथे कच्चे खाणे बरे वाटले होते. आमच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी रक्त तपासले, साखर ठीक निघाली. ते म्हणाले, "मुदत ठरवून करा, आणि दर आठवड्याला येऊन वजन व रक्तदाब दाखवा." म्हणून चाळीस दिवसांची मुदत ठरवली. चैत्र निवडण्याचे कारण साधे: उन्हाळ्यात कलिंगड, काकडी, कैरी, आंबा सगळे असते आणि अंगाला गार खाणे सोसते.

आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, "तुम्हाला काय करायचे ते करा, मला चूल बंद करायला सांगू नका." तेव्हा घरात दोन स्वयंपाक सुरू झाले, एक चुलीवरचा आणि एक विळीवरचा. आणि विळीवरचा स्वयंपाक कमी कष्टाचा असतो हा समज त्यांचा आणि माझा दोघांचाही दोन दिवसांत गेला. नारळ खवायचा, दूध काढायचे, गाजरे किसायची, कोथिंबीर निवडायची, मूग उपसून फडक्यात बांधायचे, गहू वेगळे भिजवायचे. माझा सकाळचा दीड तास यात जाई. आणि खर्च! माझ्या एकट्याच्या फळांना, नारळांना आणि खजुराला लागणारा पैसा घरातल्या बाकीच्यांच्या किराण्याला येऊन भिडला.

खाणे असे असे: सकाळी नऊला वाटीभर मोड आलेले मूग, मूठभर भिजवलेले शेंगदाणे, दोन केळी. दुपारी परातभर म्हणावी इतकी कोशिंबीर, त्यात काकडी, गाजर, टोमॅटो, मुळा, कोथिंबीर, ओले खोबरे, लिंबू आणि चिमूटभर मीठ. चारला एखादे फळ. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत मोड आलेले गहू वाटून नारळाच्या दुधात, वर चार-पाच खजूर.

पहिला दिवस उत्साहात गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोके दुखू लागले आणि तिसऱ्या दिवशी तर असे ठणकले की मी अंधार करून पडून राहिलो. शिबिरात शेजारच्या खाटेवर असलेल्या एका गृहस्थांना फोन केला. ते आनंदाने म्हणाले, "उत्तम! शरीरातले विष बाहेर पडते आहे." हे विषाचे बोलणे तुम्हीही ऐकाल, म्हणून सांगतो. मी चाळीस वर्षे दिवसाला पाच कप चहा पीत होतो आणि तो एका रात्रीत बंद केला होता. चहा-कॉफी एकदम सोडली की एक-दोन दिवसांत डोके दुखते आणि आठवड्याभरात ते थांबते, ही वैद्यकातली जुनी माहीत असलेली गोष्ट आहे. कोणतेही विष बाहेर पडत नव्हते; शरीर चहा मागत होते. सातव्या दिवशी डोकेदुखी गेली ती गेलीच.

दुसरी गोष्ट पोटाची. सभ्य सभेत किती सांगावे हा प्रश्न आहे, पण पोटात वाऱ्याने धिंगाणा घातला होता एवढे सांगितले तर पुरे. मोड आलेल्या कडधान्यात आणि कच्च्या भाज्यांत जे चोथ्याचे व न पचणारे साखरेचे भाग असतात त्यांच्यावर आतड्यांतले जंतू ताव मारतात आणि त्यातून वायू होतो. हळूहळू सवय होते. साधारण बाराव्या दिवसापासून मला बरे वाटू लागले, आणि ज्या बद्धकोष्ठाने मला वर्षानुवर्षे छळले होते ते त्या चाळीस दिवसांत एकदाही फिरकले नाही. हे श्रेय कच्च्या अन्नाला द्यायलाच हवे.

तिसरी गोष्ट दातांची. आपण जेवतो म्हणजे किती चावतो? भात-आमटी तर गिळलीच जाते. कच्चे खाणे पाऊण तास चालते. जबडे दुखतात. घरातले सगळे जेवून, भांडी घासून, दुपारच्या झोपेला गेले तरी मास्तर आपले गाजर चावत बसलेले.

आणि चौथी गोष्ट, जिचा उल्लेख कोणत्याही पुस्तकात मला सापडला नाही, ती म्हणजे पंगतीतला एकटेपणा. वैशाखात दोन लग्ने झाली. मी पंगतीत बसून केळे सोलत होतो. वाढपी येई, थबके, पुढे जाई. यजमानांना वाटे, काही राग आहे की काय. आपल्याकडे एकाच भाताच्या परातीतून सगळ्यांच्या पानावर पडते, तेव्हा माणसे एकमेकांची होतात. शिजवलेल्या अन्नाचे हे काम पोषणाच्या कोष्टकात येत नाही.

आता चांगले काय झाले तेही सांगतो. दहाव्या दिवसापासून अंग हलके वाटू लागले. पहाटे आपोआप जाग येई. दुपारची गुंगी गेली. वही सांगते की चौदाव्या दिवशी वजन साडेपंचाहत्तर होते, म्हणजे साडेतीन किलो कमी. रक्तदाब उतरला. मीठ कमी, वजन कमी, म्हटल्यावर तो उतरणारच. त्या पंधरवड्याच्या शेवटी मला कोणी या ध्वनिक्षेपकापुढे उभे केले असते, तर मी सगळ्या गावाला चुली विझवायला सांगितल्या असत्या.

त्याच सुमारास मी महात्माजींची दैनंदिनी वाचली, आणि आज बोलण्याचे खरे कारण ती आहे.

गांधीजींनी कच्च्या अन्नाचा प्रयोग दोनदा लिहून ठेवला आहे. पहिला १८९३ सालचा, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात. ते तेव्हा तेवीस वर्षांचे नवखे वकील होते. लंडनच्या शाकाहारी मंडळींत 'प्राणदायी आहार' म्हणून एक मत चालू होते, की विस्तवाने अन्नातला प्राण जातो. ते त्यांना करून पाहायचे होते. २२ ऑगस्टला सुरुवात. न्याहारीला दोन मोठे चमचे गहू, एक चमचा वाटाणे, एक चमचा तांदूळ, दोन चमचे बेदाणे, सुक्या मेव्याचे वीसेक दाणे, दोन संत्री आणि कपभर कोको. गहू, तांदूळ, वाटाणे रात्री भिजवलेले. कोको कच्चा कसा हे मला कोडेच आहे, पण ते असो. हे खायला पंचेचाळीस मिनिटे लागली, हे त्यांनी घड्याळ लावून लिहिले आहे. सकाळी उत्साह, संध्याकाळी उदासी आणि थोडी डोकेदुखी. वाचताना मला हसू आले, कारण माझी वही आणि त्यांची वही इथपर्यंत सारखी होती. पुढे भूक, झोपेचे बिघडणे, अशक्तपणा असे एकेक येत गेले आणि दहा-अकरा दिवसांत त्यांनी प्रयोग थांबवला. पुढच्या वर्षी लंडनच्या 'द व्हेजिटेरियन' या पत्रात सगळी दैनंदिनी छापून दिली, अपयशासकट.

दुसरा प्रयोग १९२९ सालचा. आता ते साठीला टेकलेले, सगळ्या देशाचे पुढारी. दूध न घेण्याचे व्रत त्यांनी १९१२ साली घेतले होते, पुढे मोठ्या आजारपणानंतर बकरीचे दूध घ्यावे लागले, आणि ती बोच त्यांच्या मनात कायम होती. दुधाची जागा भरून काढील असे वनस्पतीचे काही सापडते का याचा शोध चालू होता. आंध्रच्या दौऱ्यात राजमहेंद्रीच्या एका निसर्गोपचारकांनी त्यांना कच्च्या अन्नाकडे वळवले. जूनमध्ये 'यंग इंडिया'त त्यांनी आपला रोजचा शिधा प्रसिद्ध केला: मोड आलेले गहू आठ तोळे, बदामाचा लगदा आठ तोळे, कुटलेला हिरवा पाला आठ तोळे, सहा लिंबे आणि दोन औंस मध. आठवड्यातून दोन-तीनदा गव्हाऐवजी मोड आलेले हरभरे, आणि त्या दिवशी बदामाऐवजी नारळाचे दूध. दोन वेळचे जेवण, एक सकाळी अकराला, दुसरे संध्याकाळी सव्वासहाला. विस्तव लागलेली वस्तू एकच, पाणी.

मी मास्तर माणूस, हिशेब करून पाहिला. आठ तोळे म्हणजे त्र्याण्णव ग्रॅम. सगळे मिळून हजाराच्या आसपास उष्मांक होतात. साठीच्या, सतत प्रवास करणाऱ्या माणसाला ते थोडेच. आश्रमातल्या काही जणांनीही त्यांच्याबरोबर प्रयोग सुरू केला होता. ऑगस्टमध्ये साबरमतीला त्यांना आव झाली, शक्ती गेली, आणि त्यांनी कच्चे अन्न सोडले, बकरीचे दूध-दही पुन्हा सुरू केले. आणि हेही त्यांनी त्याच पत्रात, त्याच वाचकांपुढे मांडले.

मंडळी, मला या गोष्टीत मोठेपणा दिसतो तो इथे. सुरुवातीचा उत्साह सगळेच जगाला सांगतात. जूनमधले लेख लिहिणारे पुष्कळ. ऑगस्टमधला लेख लिहिणारा विरळा. आज मोबाइलवर जे बोलतात त्यांचे बोलणे बहुधा पंधराव्या दिवशीचे असते. त्यांचे खोटे नसते, पण ते पंधराव्या दिवशीचे असते, आणि सहाव्या महिन्यात ते काय खातात हे आपल्याला कळत नाही.

माझ्या वहीचा उत्तरार्ध वाचतो. एकविसावा दिवस: टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या चढताना मांड्या थरथरल्या. चोविसावा: रात्री पोटऱ्यांत गोळे आले. सत्ताविसावा: पहाटे चारला भुकेने जाग, स्वप्नात पिठले-भाकरी. तिसावा: शेजारी भाकरी थापण्याचा आवाज ऐकून कामावरून लक्ष उडाले. चौतिसावा: भर उन्हाळ्यात संध्याकाळी अंगावर शाल. चाळिसावा: वजन साडेबाहत्तर. म्हणजे साडेसहा किलो गेले, आणि डॉक्टर म्हणाले, पोट उतरले हे छान, पण दंडही उतरले आहेत. एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी मऊ भात, तूप, मीठ. तो घास मी विसरणार नाही.

हे असे का होते? विस्तव आपल्यासाठी अर्धे पचन बाहेरच करून ठेवतो. ज्वारी, गहू, तांदूळ, बटाटा यांतले पिष्ट शिजल्यावर फुगते, फुटते, आणि मग पोटातले रस त्याला भिडतात. कच्चे पिष्ट पुष्कळसे तसेच पुढे जाते. म्हणून परातभर खाऊनही अंगाला थोडेच लागते. हेच कारण वजन उतरण्याचे आणि हेच अशक्तपणाचे. एकच नाणे, दोन बाजू. रिचर्ड रँगहॅम या मानववंशशास्त्रज्ञाने २००९ साली एक पुस्तकच लिहिले आहे की माणूस माणूस झाला तो अन्न शिजवायला लागल्यामुळे. सगळेच तज्ज्ञ ते जसेच्या तसे मानत नाहीत, पण आपले लहान दात आणि लहान पोट चुलीच्या आधारानेच चालते, इतके पटण्यासारखे आहे.

जर्मनीत गीसेन येथे पाचशेहून अधिक कच्चे अन्न खाणाऱ्यांचा अभ्यास झाला, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचे वजन सरासरी दहा किलोच्या आसपास आणि स्त्रियांचे बारा किलो कमी झालेले आढळले. बायकांपैकी चौथा हिस्सा प्रमाणापेक्षा कृश होत्या, आणि पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे तीस टक्के स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झालेली किंवा थांबलेली होती. वडीलधाऱ्यांसमोर हा विषय काढतो आहे, क्षमा असावी. पण घरात लेकीसुना आहेत, त्यांना कोणी बारीक होण्यासाठी हे सुचवील, तेव्हा ही माहिती हवी. मूल पोटात असलेली, अंगावर पाजणारी, वाढीच्या वयाची मुले, यांनी या वाटेला जाऊच नये. आणि ब-बारा जीवनसत्त्व दूधदुभते, अंडी, मांस यांतच मिळते. यकृतात त्याचा साठा वर्षानुवर्षे पुरतो. तेव्हा चाळीस दिवसांत, सहा महिन्यांत काहीच जाणवणार नाही आणि दोन-चार वर्षांनी हातापायांना मुंग्या येऊ लागतील. पहिल्या दिवसांचा अनुभव या गोष्टीबद्दल काही सांगूच शकत नाही.

आता गावातली गोष्ट, जिच्यासाठी चिटणीसांनी मला गळ घातली असे मला वाटते. नाव घेत नाही, आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात आपल्यातले एक तात्या, वय साठीच्या पुढे, साखरेच्या गोळ्या घेणारे, कोणाचे तरी ऐकून भाकरी बंद करून काकडी-टोमॅटोवर राहिले. गोळ्या मात्र नेहमीच्याच चालू. चौथ्या दिवशी बांधावर घामाघूम होऊन पडले. हाक मारली तर बरळत होते. पोरांना वाटले ऊन लागले. नशीब असे की शेजारच्या रानात आपल्या आशाताई होत्या. त्यांनी तोंडाला हात लावून पाहिले, गिळता येते आहे ना हे पाहिले, आणि घोट घोट साखरेचे पाणी दिले. दहा-पंधरा मिनिटांत तात्या उठून बसले, मग दवाखान्यात नेले. झाले काय होते? साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या अशा असतात की तुम्ही भाकरी खा अगर न खा, त्या आपले काम करीत राहतात. भाकरी गेली, गोळी राहिली, आणि रक्तातली साखर तळाला गेली. याच्या उलट करणारेही आहेत, कच्चे खातो म्हणून गोळी किंवा सुई स्वतःच बंद करणारे. त्यांची साखर वर जाते. दोन्हीकडे जीव धोक्यात. साखर, रक्तदाब, मूत्रपिंड यांचे औषध चालू असलेल्याने डॉक्टरांना सांगितल्याशिवाय खाण्यात एवढा बदल करू नये. तात्या समोरच बसले आहेत, मान हलवत आहेत, तेव्हा मी बरोबर सांगतो आहे असे समजतो.

आणखी दोन-तीन गोष्टी बायाबापड्यांसाठी, कारण विळी त्यांच्या हातात. दुधीचा रस पुष्कळ जण पितात. दुधी चिरल्यावर आधी तुकडा जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर रस तर नाहीच, भाजीही नाही, सरळ उकिरड्यावर. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाला, आणि त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने कडू रस थेंबभरही घेऊ नये असे स्पष्ट सांगितले. त्यातले कडू द्रव्य विषारी असते. राजमा, सोयाबीन कच्चे किंवा नुसते मोड आणून खायचे नाहीत. त्यांतली अपायकारक द्रव्ये नीट शिजल्यावरच जातात. आपल्या आजीबाई कडव्या वालांना मोड आणून, सोलून, तरीही त्यांचे बिरडे शिजवूनच करीत, त्यात शहाणपण होते. मूग, मटकी, हरभरा यांचे मोड वाटीभर चालतात. पण मोड येतात ती उबदार, ओली जागा जंतूंनाही आवडते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या जंतूंनी जवळजवळ चार हजार माणसे आजारी पडली आणि पन्नासहून अधिक दगावली. श्रीमंत, स्वच्छ देशात ही गत. म्हणून फडके रोज उकळावे, मोड वारंवार धुवावे, आणि लहान मुलांना, म्हाताऱ्यांना, गरोदर बाईला द्यायचे तर वाफ दाखवूनच द्यावे. निरसे दूधही प्यायचे नाही; त्यातून ताप येणारे आजार लागतात हे गुरे पाळणाऱ्यांनी तरी जाणावे.

पालेभाजी ओढ्याकाठची असेल तर विचारूच नका. पाणी कोणाकोणाच्या परसाकडचे येते ते आपल्याला ठाऊक आहे. श्रावणात पालेभाजी सोडण्याचा जुना नेम आहे. कोणत्या हेतूने घातला असेल तो असो, पावसाळ्यात कच्चा पाला खाऊ नये हे मात्र आजचे डॉक्टरही सांगतील. उलट गाजर आणि टोमॅटो यांचा काही गुण थोड्या तेलावर परतल्यावरच अंगी लागतो. आवळा, लिंबू, पेरू, कैरी यांचा गुण मात्र विस्तवाने कमी होतो, ते कच्चेच बरे.

लोक विचारतात, मग मास्तर, आज तुम्ही काय खाता? सकाळी वाटीभर मोड किंवा भिजवलेले शेंगदाणे आणि एक फळ. दुपारी आधी मोठी वाटी कोशिंबीर, मग दीड भाकरी, आमटी, भाजी, ताक. रात्री मऊ भात किंवा भाकरी-भाजी. चहा एक कप. वजन आज चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरवर टिकून आहे, पोट साफ असते. प्रयोगातून माझ्या ताटात एवढे उरले.

आणि गंमत पाहा, गांधीजींच्याही ताटात एवढेच उरले होते. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहायला घेतले, त्यात बैठे काम करणाऱ्याचा रोजचा आहार दिला आहे: दूध दोन पौंड, धान्य सहा औंस, पालेभाजी तीन औंस, इतर भाज्या पाच औंस, आणि कच्च्या भाज्या एक औंस. एक औंस म्हणजे अडीच तोळ्यांच्या आत. तूप-लोणी आहे, गूळ आहे, फळे ऐपतीप्रमाणे. शिवाय रोज लिंबू. पुढे १९४६ च्या मार्चमध्ये ते आपल्या पुणे जिल्ह्यातल्या उरुळी कांचनला येऊन राहिले, निसर्गोपचाराचे केंद्र उभे केले, म्हणजे निसर्गोपचारावरची त्यांची श्रद्धा गेली नव्हती. पण कच्च्या अन्नाला त्यांनी पानाच्या डाव्या बाजूला बसवले होते.

उद्याच्या महाप्रसादाविषयी शेवटचे सांगतो आणि बसतो. पाच हजार पाने होणार असा समितीचा अंदाज आहे. कोशिंबीर काकडीची आहे. तिला चव घेऊन, टोके काढून, टाकीच्या शुद्ध केलेल्या पाण्यात दोनदा धुवावे, ओढ्याच्या पाण्यात नव्हे. काकड्या पहाटे नको, पंगत बसण्याआधी तासभर चिरायला घ्याव्यात. दही आयत्या वेळी घालावे. काल्याच्या प्रसादात भिजवलेली डाळ घालणार असाल, तर रात्रभर भिजवू नका. ऊन फार आहे, आंबते. सकाळी सहाला भिजत घातली तरी दहीहंडीपर्यंत तयार होते. विळ्या कमी पडत आहेत असे चिटणीस म्हणत होते. माझ्या घरी तीन आहेत, मुलांना पाठवून न्याव्यात.